वाचकांचे प्रश्न : डॉक्टरांचा ऑर्केस्ट्रा आणि वॉर्डातलं गाणं

मागच्या अंकात डॉक्टरांच्या वाद्यवृंदांवर एक टिपण छापलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं खान्देशातली निघाली, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. उत्तरं एक भूलतज्ज्ञ, एक वाद्यवृंद संयोजक आणि एक स्पीच थेरपिस्ट अशा तिघांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

आम्ही चौदा डॉक्टर महिन्यातून एकदा जमून कॅराओकेवर गातो. आता ट्रॅक बंद करून खरा ऑर्केस्ट्रा उभा करायचा आहे. परदेशात डॉक्टरांचे ऑर्केस्ट्रा वर्षानुवर्षं चालतात. आमचा का चालणार नाही? सुरुवात कुठून करू? (फिजिशियन, भुसावळ)

डॉक्टरसाहेब, चालेल. पण तिकडचा नमुना जसाच्या तसा उचललात तर सहा महिन्यांत बंद पडेल.

बॉस्टनचा लाँगवूड सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९८२पासून चालू आहे. तिथल्या वैद्यकीय वसाहतीतले डॉक्टर, संशोधक, विद्यार्थी त्यात वाजवतात. बर्लिनचे हृदयरोगतज्ज्ञ श्टेफान विलिश यांच्या वर्ल्ड डॉक्टर्स ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम २००८ साली झाला. त्यात देशोदेशींचे डॉक्टर चार दिवस एकत्र येतात, तालीम करतात, वाजवतात आणि जमलेले पैसे आरोग्याच्या कामाला देतात. हे जमतं, कारण प्रत्येकाच्या समोर लिहिलेली स्वरलिपी असते आणि एकच ओळ आठ-दहा व्हायोलिनं मिळून वाजवतात. त्यातला एखादा इमर्जन्सीला उठून गेला तरी श्रोत्यांना पत्ता लागत नाही.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बासरी एक, ऑक्टोपॅड एक, ढोलकी एक. ढोलकीवाले डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ असले आणि नऊ वाजता लेबर रूममधून फोन आला, की कार्यक्रम तिथेच बसतो. म्हणून ‘कोण काय वाजवतो’ याच्या आधी ‘तो उठून गेला तर कोण’ ही यादी करा. ठेका आणि कीबोर्ड या दोन जागा स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्यावर एकट्यावर ठेवू नका. त्वचारोग, नेत्र, पॅथॉलॉजी, दंत या शाखांचे लोक तिथे बसवा. कुणीच नसेल तर तालासाठी एक व्यावसायिक वादक मानधन देऊन घ्या. त्यात कमीपणा नाही, ढासळलेल्या ठेक्यावर गाण्यात आहे.

आता चौदांचं गणित. अशा गटात बहुधा अकरा गाणारे आणि तीन वाजवणारे निघतात, आणि तिघांतल्या एकाची गिटार इंटर्नशिपनंतर कपाटाबाहेर आलेली नसते. गाणाऱ्यांपैकी तिघा-चौघांना साइड रिदम, तंबोरा अॅप आणि कोरस यांवर बसवा. घुंगरू आणि शेकर दोन महिन्यांत हाताला येतात. कोरसला मात्र वेगळी तालीम लागते. चार जणांनी एक ओळ एकाच वेळी सुरू करून एकाच वेळी सोडणं हे एकट्याने गाण्यापेक्षा अवघड आहे.

पहिल्या कार्यक्रमाला दहा गाणी पुरे. निवेदन धरून सव्वा तास होतो. प्रत्येक गाण्याचं एक पान करा : गायकाचं स्केल (म्हणजे पट्टी), ठेका, मिनिटाला किती ठोके, सुरुवातीचा पीस (नुसत्या वाद्यांचा तुकडा) किती आवर्तनांचा, दोन अंतऱ्यांमधला पीस कोण वाजवणार आणि शेवट कसा. सगळ्यात जास्त घोळ स्केलवरून होतो. वादक घरी मूळ रेकॉर्डिंगवर बसवून येतो, गायिका काळी चारमध्ये गाते आणि गायक काळी एकमध्ये. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो, गिटारला कॅपो लागतो, पण बासरीला दुसरी बासरीच लागते आणि व्हायोलिनला सगळी बोटं बदलावी लागतात. तबल्याचंही तेच. काळी एकला साडेपाच इंची तोंड चालतं, वरच्या स्केलला त्याहून लहान तोंडाचा दुसरा तबला हवा. म्हणून गाणी नक्की करतानाच एका स्केलची गाणी सलग ठेवा. स्केल एकदा ठरलं की ‘आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ’ हे ऐकायचं नाही.

तालीम आठवड्याला दोन तास, रविवारी सकाळी. ओपीडी संपवून रात्री दहाला बसलात तर शेजारचे तुमच्याकडेच झोपेच्या गोळ्या मागायला येतील. गाणारे पहिल्या तासाला बोलावू नका, आधी वादकांना पीस बसवू द्या. आणि फोन खुर्च्यांमध्ये, स्टेजपासून पंधरा फुटांवर ठेवून तालीम रेकॉर्ड करा. स्टेजवर प्रत्येकाला स्वतःचंच वाद्य ऐकू येतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांचे फोन एका बाहेरच्या माणसाकडे द्यावेत. त्याच्याजवळ कोण कोणत्या गाण्यात आहे आणि त्याची ड्यूटी कुणी घेतली आहे याचा कागद असावा. आणखी एक : बॅनरवर डॉक्टरांच्या नावाखाली हॉस्पिटलची जाहिरात नको. वैद्यकीय आचारसंहितेची २००२ची नियमावली रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला मनाई करते. गाणं हे त्यातून पळवाट होऊ नये.

मे महिन्यात जळगावला उघड्यावर कार्यक्रम केला. एसी हॉलमध्ये तालमीला सुरात असलेली बासरी आणि हार्मोनियम स्टेजवर जुळेनात. व्हायोलिनच्या खुंट्याही सुटत होत्या. वाद्यं खराब झाली का? (दंतवैद्य, जळगाव)

वाद्यं ठीक आहेत, तुमच्या गावचा मे महिना तसा आहे.

हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि बासरीचा सूर चढतो. एक अंश सेल्सिअसला साधारण तीन सेंट असा हिशेब आहे. पेटीवरच्या लगतच्या पांढरी-काळीतलं अंतर शंभर सेंटचं असतं. हॉल २४ अंशांवर आणि रात्री आठला उघडं स्टेज ३८ अंशांवर, म्हणजे कागदावर चाळीसेक सेंटचा फरक. बासरीत फुंकेची ऊब आधीच असल्याने प्रत्यक्षात तो बराच कमी होतो, पण कानाला टोचेल इतका उरतो. हार्मोनियमच्या पितळी सुरांचं (आतल्या कंप पावणाऱ्या जिभांचं) उलट आहे, गरम झाल्यावर ते किंचित उतरतात. दोघांना एकत्र ठेवायचं असेल तर बासरीवाल्याने फुंकेचं तोंड ओठाकडे थोडं वळवून सूर दाबावा. सोपा मार्ग म्हणजे त्या रात्री हार्मोनियमऐवजी कीबोर्ड घ्या आणि त्याचं मास्टर ट्यूनिंग ४४० हर्ट्झवरून ४४३ करा, बारा सेंट तिथेच मिळतात. शेवटची जुळणी एसीच्या मेकअप रूममध्ये नको, स्टेजवर वाद्यं अर्धा तास ठेवून मग करा.

कोरड्या हवेत लाकूड आकसतं, म्हणून खुंट्या सुटतात. खुंटी आत दाबत फिरवा, गरज पडली तर पेग पेस्ट लावा. व्हायोलिन उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडी ६० अंशांच्या वर जाऊ शकते, आणि ज्या सरसाने व्हायोलिनचे सांधे जोडलेले असतात तो तेवढ्यात मऊ पडतो. तबल्याची पुडी (तोंडावरचं कातडं) कोरड्या उन्हाने ताणून चढते. अशा वेळी लोक तबला कूलरसमोर ठेवतात. कूलर ओली हवा फेकतो, पुडी ढिली पडते, आणि पहिल्या गाण्यात चढलेला तबला तिसऱ्यात उतरलेला असतो. कूलर प्रेक्षकांकडे वळवा.

आमच्या हॉस्पिटलात दर रविवारी डॉक्टरांचा ग्रुप वॉर्डात स्पीकर लावून गातो. पुष्कळ पेशंट खूश असतात, पण दोघं-तिघं भिंतीकडे तोंड करून पडतात. सरांना कसं सांगावं कळत नाही. (परिचारिका, धुळे)

सिस्टर, हे उत्तर सरांच्या टेबलावर ठेवलंत तरी चालेल.

स्टेजवरचा ऑर्केस्ट्रा आणि खाटेजवळचं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेक्षक घरून निघून, तिकीट काढून येतो आणि कंटाळला तर उठून जातो. सलाइन लावलेल्या माणसाला उठता येत नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं, तेच त्याचं उठून जाणं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार हॉस्पिटलभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र धरता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे, आणि तिथे ध्वनिवर्धक वापरणं हा गुन्हा आहे. वॉर्डात रात्री सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. समोरासमोरचं साधं बोलणंच ६०च्या घरात जातं, तेव्हा स्पीकरला जागाच नाही.

मग करायचं कसं? दोघं, फार तर तिघं. एक गळा, एक बासरी किंवा व्हायोलिन, हवा तर तंबोरा. ढोलकी नाही, माइक नाही. वेळ दुपारी चारनंतरची, राउंड आणि ड्रेसिंग उरकलेलं असताना, एकूण वीस मिनिटं. त्याआधी तुम्ही प्रत्येक खाटेजवळ जाऊन विचारायचं, आणि तेही ‘गाणं आवडेल ना?’ असं नाही. त्याला कुणी नाही म्हणत नाही. ‘आज गाणं हवं की शांतता?’ असं विचारा. शांतता म्हणणारा एकही असेल तर गाणं व्हरांड्यात किंवा डे-रूममध्ये, ज्याला ऐकायचं तो येईल. तळहात वर केला की थांबायचं, ही खूण सगळ्यांना आधी सांगा.

गाणी निवडताना विरहाची, निरोपाची आणि ‘आता काय उरलं’ छापाची टाळा, कॅन्सर वॉर्डात तर नक्कीच. वयस्क बायकांना सिनेमातल्यापेक्षा कानबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या जवळच्या असतात, म्हाताऱ्यांना भजन आणि वहीगायन (खान्देशी लोकगायन). तरुण पोरांना यातलं काहीच नको असतं, त्यांच्यासाठी हेडफोन ठेवा. टाळ्या वाजवा असं म्हणू नका, हाताला सुई असते.

आयसीयूत थेट गायन नको. व्हेंटिलेटरवरच्या ३७३ रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाने स्वतः निवडलेलं संगीत, त्याला वाटेल तेव्हा, हेडफोनवर दिलं तर अस्वस्थता कमी झाली आणि झोपेचं औषधही कमी लागलं. ‘त्याला वाटेल तेव्हा’ हे त्यात महत्त्वाचं.

स्वच्छतेचं एक. एका वॉर्डातून दुसऱ्यात जाताना वादकांनी हात धुवावेत, फुंकेची वाद्यं श्वसनविकाराच्या वॉर्डात नेऊ नयेत. पेटीवर आणि व्हायोलिनवर सॅनिटायझर फवारू नका. फ्रेंच पॉलिश लाखेचं असतं आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पट्ट्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा.

कोणता राग कोणत्या रोगावर याचा तक्ता मोबाइलवर आला आहे. वडिलांना ब्लड प्रेशर आहे. रोज तो राग लावला तर गोळी कमी करता येईल का? (शहादा)

नाही. एका रागाला एक रोग अशी जोडी लावणारा भरवशाचा पुरावा नाही.

पण संगीताचा शरीरावर परिणामच नाही असंही नाही. २००६ साली एका इटालियन गटाने निरोगी तरुणांना भारतीय रागसंगीतासह वेगवेगळ्या लयींचं संगीत ऐकवून नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजला. परिणाम ठरला तो मुख्यतः लयीवरून. जलद लयीने श्वास आणि नाडी वाढली. सगळ्यात जास्त विसावा मिळाला तो मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. तेव्हा वडिलांना आवडतं ते संथ, शब्द नसलेलं, मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांचं काहीही चालेल, आणि मग थोडा वेळ बंद ठेवा.

धोका वेगळाच आहे. गाणं ऐकून लगेच मोजलेला आकडा खाली येतो आणि घरचे म्हणतात, झालं नॉर्मल. तो आकडा गाण्यानंतरचा आहे, दिवसभराचा नाही. रोज एकाच वेळी, पाच मिनिटं गप्प बसून, गाण्याआधी मोजा आणि तोच डॉक्टरांना दाखवा.

संगीताचा भक्कम पुरावा आहे तो ऑपरेशनच्या आसपास. २०१५ साली ‘लॅन्सेट’ने ७३ चाचण्यांचा एकत्र आढावा छापला. वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज तिन्ही कमी झाली. हॉस्पिटलातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. ज्याने त्याने आपापली गाणी कानाला लावायची, इतकं हे स्वस्त आहे. तरीही फार कमी ठिकाणी होतं.

माझ्या आजीला स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली. एक शब्द बोलत नाही, पण हरिपाठ लावला की सोबत म्हणते! आम्ही रोज लावतो. बोलणं परत येईल? (अमळनेर)

हे अनेक घरांत दिसतं. बोलणं बहुतेकांत मेंदूच्या डाव्या अर्ध्यातून चालतं आणि तिथे इजा झाली की उजवं अंग जातं. पाठ असलेलं गाणं मात्र मोठ्या प्रमाणात दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. पण नुसता हरिपाठ म्हणण्याने ‘पाणी दे’ हे दोन शब्द येत नाहीत. पाठांतर पाठांतरच राहतं, आणि घरचे त्या आनंदात महिने घालवतात.

१९७३ साली बॉस्टनच्या तज्ज्ञांनी यावर एक पद्धत मांडली, मेलडिक इंटोनेशन थेरपी. तिचा सांगाडा असा. रोजच्या गरजेचं दोन-तीन अक्षरांचं वाक्य घ्या. आजी अहिराणी बोलत असतील तर अहिराणीच घ्या, ‘पानी दे’, ‘भूक लागनी’. शाळेची मराठी त्यांच्या तोंडात घालू नका. समोर बसून ते दोनच सुरांत गुणगुणा, एक वरचा आणि एक खालचा. चाल लावू नका. प्रत्येक अक्षराला त्यांचा डावा हात धरून टेबलावर एक टिचकी, साधारण सेकंदाला एक. आधी तुम्ही एकटे, मग दोघं मिळून, मग तुम्ही अर्ध्यात सोडायचं, मग त्या एकट्या. शेवटी तुम्ही विचारायचं, ‘काय पाहिजे?’, आणि त्यांनी तेच वाक्य उत्तर म्हणून म्हणायचं. त्यानंतर सूर हळूहळू काढत साध्या बोलण्यावर यायचं.

चुकतं कुठे? घाई होते, एका दिवशी दहा वाक्यं घेतली जातात, आणि हातावरची टिचकी विसरली जाते. तीन वाक्यं आठवडाभर, दिवसातून दोनदा वीस मिनिटं, इतकंच. समजतं पण बोलता येत नाही अशा रुग्णांना ही पद्धत लागू पडते, समजणंच गेलं असेल तर नाही. ही तपासणी स्पीच थेरपिस्टकडूनच करून घ्या.

वडिलांना पार्किन्सन्स आहे. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. ढोल वाजला की बरं चालतात असं वाटतं. भास आहे का? (नंदुरबार)

भास नाही. बाहेरून मिळालेला ठोका त्यांच्या पावलांना सुटायला मदत करतो. आधी ठोक्याशिवाय मिनिटाला किती पावलं पडतात ते दोनदा मोजा. समजा ८४ पडली, तर ८४च्या लयीचं गाणं किंवा मेट्रोनोम लावून आठवडाभर चालवा. मग पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा, त्याहून नाही. लय पळाली की पाऊल आखूड पडतं आणि तोल जातो. ठेका केरव्याचा घ्या, दादऱ्याचा नाही. दादऱ्यात ठोका तीन-तीनने येतो आणि जोर एकदा डाव्या, एकदा उजव्या पावलावर पडतो, गोंधळ होतो. सुरुवातीला शेजारी माणूस हवाच. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून मगच घरी करा.

सर्जनसाहेबांना ऑपरेशनच्या वेळी मोठ्याने गाणी लागतात. भूलतज्ज्ञ मॅडम चिडतात. कुणाचं बरोबर? (ओटी असिस्टंट, चोपडा)

मॅडमचं. पल्स ऑक्सिमीटरची टिकटिक ऑक्सिजन उतरला की खालच्या सुरात जाते. भूलतज्ज्ञ स्क्रीनकडे न पाहता त्या सुरावर लक्ष ठेवून असतात. गाणं त्याहून वर गेलं की हा पहाराच गेला. भूल देताना, रुग्ण जागा करताना, आणि गॉज व अवजारं मोजताना गाणं पूर्ण बंद. एरवी हळू आवाजात, आणि बंद करण्याचा अधिकार टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला, तुम्हालाही.

आमच्या डॉक्टर मंडळाला डायलिसिस मशीनसाठी तिकीट लावून सिनेसंगीताचा कार्यक्रम करायचा आहे. काम धर्मादाय आहे, मग परवाना कशाला? (चाळीसगाव)

कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना सवलत आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत तर किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तर. डायलिसिस मशीन यात बसत नाही. तिकीट लावलं की गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना घ्या. एखाद्या गाण्याला ट्रॅक वाजवणार असाल तर त्या रेकॉर्डिंगच्या मालकाचा वेगळा. संतांचे अभंग मुक्त आहेत, पण त्यांना अलीकडे कुणी लावलेली चाल मुक्त नाही, संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिचे हक्क राहतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रवेश खराखुरा मोफत ठेवा आणि मशीनसाठी देणग्या स्वतंत्रपणे, आधीच गोळा करा. ‘देणगी प्रवेशिका’ छापून दारात विकणं म्हणजे तिकीटच.

उघड्यावर असेल तर पोलिसांची परवानगी घ्या आणि दहाला स्पीकर बंद होईल अशी वेळ ठेवा. म्हणजे साडेसहाची वेळ छापा, सातला सुरू होईल.

ऑक्टोपॅड वाजवतो. कार्यक्रमानंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजते. (होमिओपॅथ, पारोळा)

तो इशारा आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमचा मॉनिटर (स्टेजवर वादकाकडे वळवलेला स्पीकर) कानापासून तीन फुटांवर असेल तर दोन गाण्यांतच ती संपतात. मॉनिटर खाली, गुडघ्याच्या पातळीला ठेवा, आवाज कमी करायला साउंडवाल्याला सांगा, आणि संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. कापसाच्या बोळ्याने फक्त वरचे सूर जातात, मग तुम्ही आणखी जोरात वाजवता. शिट्टी आठवड्याहून जास्त राहिली, किंवा एकाच कानात असली, तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या.